भाड्याने द्यायला घर घेताय? आधी रिकाम्या महिन्याचा हिशोब करा

हल्ली मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे "घर घेऊन भाड्याने दिलं तर भाड्यातून हप्ता सुटतो ना?" आणि विचारणाऱ्याचा एकंदर सूर असा असतो की मी फक्त हो म्हणायचं बाकी आहे, घर बघून झालंय, बँकेत बोलून झालंय, मनातल्या मनात भाडेकरू येऊन राहिलासुद्धा आहे. मी हो पण म्हणत नाही आणि नाही पण म्हणत नाही. मी उलट विचारते की घर दोन महिने रिकामं राहिलं आणि नेमकी त्याच दोन महिन्यांत बाथरूमची पाइप गेली तर हप्ता कुठून भरणार? याचं उत्तर "बघू तेव्हाचं तेव्हा" असं आलं तर अजून घर घ्यायची वेळ झालेली नाही, एवढं साधं आहे माझ्या मते.

आता हिशोबच मांडू. आकडे शंभरात घेते म्हणजे कुठल्याही गावात कुठल्याही पैशात बसवता येतील. घराची किंमत 100 धरा, बँक 80 देते, 20 तुमचे. पण 20 मध्ये भागत नाही हो, सरकारी शुल्क, नोंदणी, वकील, दलाली, बँकेची प्रोसेसिंग फी, आणि चावी हातात आल्यावर कळतं की रंग काढावाच लागणार आहे आणि किचनचे नळ बदलावे लागणार आहेत, असं करत अजून 7-8 तरी धरून चाला. हे वरचे पैसे घर विकताना कोणी परत देत नाही, ते गेले ते गेलेच. तर खिशातून गेले 27-28. आता भाडं वर्षाला किमतीच्या 5 टक्के येतंय असं समजू, म्हणजे 5. वर्षातला एक महिना घर रिकामं राहिलं की 0.4 गेले. मेंटेनन्स, मालमत्ता कर, विमा, किरकोळ दुरुस्त्या सगळं मिळून 1 धरा, हे काही जास्त धरलेलं नाही. उरले साधारण 3.6. आणि हप्ता किती? 80 चं कर्ज 9 टक्क्यांनी 20 वर्षांसाठी घेतलं तर वर्षाला 8.6 च्या थोडं वर. म्हणजे "भाड्यातून हप्ता सुटणारं" हे घर दरवर्षी तुमच्या पगारातून 5 खातं, जेवढं भाडं आलं जवळजवळ तेवढंच.

म्हणून मी म्हणते हिशोब उलटा करा. बँक किती देते ते नंतर बघा, आधी बघा घर किती कर्ज पेलतंय. वरच्या 3.6 मध्ये 9 टक्के आणि 20 वर्षं या भावाने कर्ज बसतं फक्त 33 च्या आसपास. व्याज 6 टक्के असेल आणि मुदत 30 वर्षं असेल तर तेच घर 50 पर्यंतचं कर्ज पेलतं. घर तेच, भाडेकरू तोच, पण कर्जाच्या अटी बदलल्या की चांगला सौदा आणि वाईट सौदा यांची अदलाबदल होते, आणि नवीन माणूस सगळा वेळ घालवतो टाइल्स आणि बाल्कनी बघण्यात आणि बँकेच्या कागदावर मात्र जिथे बोट दाखवलं तिथे सही करतो. नेटवर एक ठोकताळा फिरतो की महिन्याचं भाडं किमतीच्या 1 टक्का असलं पाहिजे, अमेरिकेतून आलाय तो, आणि दुसरा असा की भाड्यातले निम्मे पैसे हप्ता सोडून बाकीच्या खर्चात जातात असं धरून चाला. पहिला जगातल्या बहुतेक मोठ्या शहरांत लागूच पडत नाही, तिथे तेवढं भाडं कोणी देतच नाही. दुसरा जरा कडक आहे, पण जुनी इमारत असेल तर मला फार चुकीचा वाटत नाही.

इथे लगेच कोणीतरी म्हणतं की अहो भाडं राहू द्या, किंमत वाढेल की! वाढेलही. पण मग तसं स्पष्ट म्हणा की मी किमतीवर पैज लावतोय, भाडं हा जोडधंदा आहे. वरच्याच उदाहरणात 9 टक्क्यांनी उसने घेतलेल्या पैशांवर घर 3.6 टक्केच कमावतंय, तर फरक भरून यायला घराची किंमत दरवर्षी 5.4 टक्क्यांनी वाढलीच पाहिजे, आणि हे नुसतं बरोबरीत यायला, फायदा त्याच्या पुढे. आणि कर्ज दोन्ही बाजूंनी कापतं. किंमत 10 टक्के वाढली तर तुमच्या 20 चे 30 झाले, भारी वाटतं, पण 10 टक्के उतरली तर 20 चे 10 राहिले, निम्मे गेले, आणि नोंदणी-दलालीत गेलेले अजून धरलेलेच नाहीत.

कर्जावर जरा थांबते कारण खरा खेळ इथेच आहे. पहिली गोष्ट, सुरुवातीची वर्षं तुम्ही कर्ज फेडत नसताच, व्याज फेडत असता. 80 च्या कर्जावर 9 टक्के आणि 20 वर्षं धरली तर पहिल्या पाच वर्षांत तुम्ही 43 भरता आणि कर्ज कमी होतं फक्त 9 ने. हप्त्यातला मुद्दलाचा भाग व्याजाच्या भागापेक्षा मोठा व्हायलाच 12 वर्षं उलटून जातात. म्हणून "पाच वर्षांनी विकून टाकू" असं जे लोक सहज म्हणतात त्यांनी बँकेकडून हप्त्यांचं पूर्ण वेळापत्रक मागून घ्यावं आणि साठाव्या हप्त्यासमोर बाकी रक्कम किती लिहिलीये ते बघावं.

दुसरी गोष्ट फ्लोटिंग रेट, म्हणजे बाजाराबरोबर वरखाली होणारा व्याजदर. बँकेतला माणूस म्हणतो काळजी करू नका, रेट वाढला तरी हप्ता तोच ठेवू, फक्त मुदत थोडी वाढेल. ही "थोडी" किती असते माहितीये? 20 वर्षांचं कर्ज, सुरुवातीलाच रेट 9 चा 10 झाला आणि हप्ता तोच ठेवला, तर मुदत जाते 26 वर्षांच्या पुढे. एका टक्क्यात सहा वर्षं! आणि 11 झाला तर जुना हप्ता नुसत्या व्याजालाही पुरत नाही, म्हणजे हप्ता भरून कर्ज वाढत जाणार, तिथे बँक हप्ता वाढवणारच, आणि तो वाढतो जवळपास 15 टक्क्यांनी. भाडं काही 15 टक्क्यांनी वाढत नाही त्या वर्षी. आणि हे कागदावरचं भूत नाहीये. मार्च 2022 मध्ये अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हचा (तिथल्या मध्यवर्ती बँकेचा) दर शून्याजवळ होता, जुलै 2023 पर्यंत तो 5.25 ते 5.50 वर गेला. बँक ऑफ इंग्लंडचा दर डिसेंबर 2021 च्या सुरुवातीला 0.1 टक्का होता, ऑगस्ट 2023 मध्ये 5.25. ब्रिटनमध्ये भाड्याने द्यायच्या घरांवर बहुतेक कर्जं फक्त व्याज भरण्याची असतात, हप्ता छोटा दिसतो, मुद्दल शेवटपर्यंत जसंच्या तसं उभं राहतं, तर फिक्स्ड (ठरावीक काळ न बदलणाऱ्या) दराची मुदत संपून नवीन दराने कर्ज घ्यायची वेळ ज्यांची त्या काळात आली त्यांचा महिन्याचा हिशोब एका पत्राने बदलला. मी असं म्हणत नाही की फ्लोटिंग घेऊच नका, मी म्हणते की आजच्या दरात दोन टक्के मिळवून हप्ता काढा आणि तो पेलणार असेल तरच पुढे जा. आणि मुदतीआधी पैसे भरले तर दंड आहे का, किती, कधीपर्यंत, हे सही करायच्या आधी विचारा, नंतर विचारून उपयोग शून्य.

गंमत म्हणजे रिकामा महिना बँका स्वतः धरतातच. अमेरिकेत फॅनी मे (बँकांकडून गृहकर्जं विकत घेणारी संस्था) हिच्या नियमात कर्जदाराचं उत्पन्न मोजताना साधारणपणे भाड्याचे 75 टक्केच धरतात, उरलेले 25 रिकाम्या काळासाठी आणि देखभालीसाठी वजा. व्यावसायिक कर्ज देणारे बघतात की खर्च वजा जाता उरलेलं भाडं हप्त्याच्या निदान सव्वापट आहे का. आपण स्वतःच्या वहीत मात्र बारा महिने शंभर टक्के भाडं लिहितो. बँक जर तुमच्या भाड्यावर पूर्ण विश्वास ठेवत नाही तर तुम्ही का ठेवताय?

डाऊन पेमेंटसाठी पर्सनल लोन काढणाऱ्यांना माझं एकच म्हणणं, नका काढू. एका घरावर दोन हप्ते आणि दुसऱ्याचं व्याज पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त, त्यात रिकामा महिना आला की पहिला बळी क्रेडिट कार्डाचा जातो. त्यापेक्षा दोन वर्षं थांबा, छोटं घर घ्या, किंवा भावाबहिणीबरोबर मिळून घ्या (पण मग कोणाचा वाटा किती, कोणाला बाहेर पडायचं असेल तर काय भावाने, हे लिहून काढा, घरातलेच आहेत म्हणून तर जास्तच लिहून काढा).

आणि एक वेगळं खातं उघडा. भाडं त्यात येणार, हप्ता त्यातून जाणार, प्लंबरचे पैसे त्यातून जाणार. त्यात सहा महिन्यांचा हप्ता अधिक खर्च एवढी रक्कम घर घ्यायच्या दिवशी तयार पाहिजे, "हळूहळू जमवू" नाही चालत कारण घर पहिल्याच महिन्यात रिकामं असतं, तेव्हा भाडेकरू शोधायचा असतो. डिपॉझिट मिळालं की लोकांना वाटतं पैसे आले. ते पैसे भाडेकरूचे आहेत, तुमच्याकडे ठेवायला दिलेत, काही देशांत तर कायद्यानेच ते वेगळं ठेवावं लागतं. ज्यांनी डिपॉझिटमध्ये सोफा घेतला ते भाडेकरू निघताना भिंतीवरच्या खिळ्यांची भोकं मोजत बसतात, बघितलंय मी.

घर कुठलं घ्यावं यावर फार लिहीत नाही, कारण ते गावागणिक बदलतं. एवढंच की तुम्हाला राहायला आवडेल ते घर आणि भाड्याने पटकन जाईल ते घर यांचा फारसा संबंध नसतो. कामाच्या ठिकाणापासून जवळ, बस-ट्रेन जवळ, मध्यम आकार, कंटाळवाणं वाटेल असं घर महिनाभरात जातं, आणि वरच्या मजल्यावरचं टेरेसवालं देखणं घर चार महिने ग्राहकाची वाट बघत बसतं. भाडं किती येईल हे जाहिरातींवरून ठरवू नका, जाहिरातीत मालकाची इच्छा लिहिलेली असते. त्याच इमारतीत खरोखर किती भाड्याला गेलं ते विचारा, आणि दोन महिन्यांपूर्वीची जाहिरात अजून तशीच दिसत असेल तर तो आकडा आपला नाही असं समजा.

आता भाडेकरू. उत्पन्न बघा, भाडं त्याच्या कमाईच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत बसतंय का बघा, ओळखपत्र बघा. आणि आधीच्या घरमालकाला फोन करा, पण सध्याच्या नाही, त्याच्याही आधीच्या. सध्याच्या मालकाला भाडेकरू नकोसा झाला असेल तर तो कौतुकच करणार की, त्याला सुटका हवीये! आधीच्या मालकाचं आता काही देणंघेणं नसतं, तो खरं बोलतो. जात, धर्म, एकटी बाई, असल्या कारणांनी नाही म्हणणारे मालक मी बघते आणि मला ते चीड आणणारं वाटतं, बऱ्याच ठिकाणी बेकायदाही आहे, आणि नुसता धंदा म्हणून बघितलं तरी वेळेवर पैसे देणारी माणसं आपणच दारातून परत पाठवायची हा काय शहाणपणा आहे?

चावी देण्याच्या दिवशी घाई करू नका. मी भाडेकरूबरोबर खोलीखोलीत फिरते आणि फोनवर व्हिडिओ सुरू ठेवते. प्रत्येक नळ उघडून पाणी वाहू द्यायचं, सिंकखालचं दार उघडून आत टॉर्च मारायचा, फ्लश दोनदा ओढायचा, खिडक्यांच्या कड्या लावून बघायच्या, प्रत्येक स्विच दाबायचा, छताचे चारही कोपरे कॅमेऱ्यात घ्यायचे, विजेच्या आणि पाण्याच्या मीटरचे आकडे स्पष्ट दिसतील असे फोटो काढायचे. हॉलच्या भिंतीवर आधीच ओरखडा असेल तर तो जवळून घ्यायचा, वर बोट ठेवून, म्हणजे किती मोठा ते कळतं. मग यादीवर दोघांची सही आणि तारीख, व्हिडिओ दोघांकडे. अर्धा तास लागतो. निघताना हाच व्हिडिओ लावून पुन्हा तसंच फिरायचं, भांडण होतच नाही, कारण आठवणीवर काही सोडलेलंच नसतं. एक मात्र लक्षात ठेवा, वापराने रंग फिका पडणं, नळाचा वॉशर जाणं हे भाडेकरूच्या खात्यात घालायचं नसतं, ते घराचं म्हातारपण आहे, त्याचा खर्च मालकाचा.

दुरुस्तीत पाणी हा एक नंबरचा शत्रू. बाकी सगळं थांबतं, पाणी थांबत नाही. सिंकखालच्या कपाटाची खालची फळी बघा, प्लायवूडची कड फुगून पापुद्रे सुटायला लागले असतील तर वरचा जॉइंट बरेच दिवस थेंब थेंब गळतोय. त्या दिवशी तो जॉइंट बदलायचा खर्च अगदी किरकोळ असतो, सहा महिन्यांनी कपाट, भिंतीचा रंग आणि खालच्या मजल्यावरच्यांचं छत, तिन्ही तुमच्या नावावर. भाडेकरूने आधी सांगितलं का नाही? बहुतेक वेळा कारण हे असतं की मागच्या वेळी त्याने फोन केला तेव्हा मालक कुरकुरला होता. म्हणून बारीकसारीक गोष्टींसाठी फोन करणारा भाडेकरू मला आवडतो, तो माझं घर फुकट तपासून देतोय. प्लंबर आणि इलेक्ट्रिशियनचे नंबर त्याच्याकडे देऊन ठेवा, अमुक रकमेपर्यंतचं काम परस्पर करून घे आणि बिल पाठव म्हणून सांगा. दोघांचीही डोकेदुखी निम्मी होते.

भाडेवाढीचं गणित तर फार कमी लोक करतात. भाडं 5 टक्के वाढवलं आणि त्यामुळे भाडेकरू गेला आणि घर एक महिना रिकामं राहिलं, तर तो एक महिना भरून यायला वाढीव भाड्याचे 20 महिने लागतात. त्यात नवीन दलाली आणि रंगकाम धरलं तर दोन वर्षांच्याही पुढे. याचा अर्थ वाढवायचंच नाही असा नाही, करारातच दरवर्षीची वाढ आधी लिहून ठेवावी म्हणजे दरवेळी तोंड वाकडं करावं लागत नाही, पण वेळेवर पैसे देणारा आणि घर नीट ठेवणारा माणूस बाजारभावापेक्षा जरा कमी देत असला तरी मी त्याला हलवत नाही.

वेळ नसेल, घर लांब असेल तर मॅनेजमेंट एजंट नेमा, भाड्याच्या दहा टक्क्यांच्या आसपास घेणारे बरेच असतात, काहीजण नवीन भाडेकरू आणल्याचे वेगळे घेतात, काहीजण दुरुस्तीच्या बिलावर वरचे लावतात, ते कराराआधी वाचून घ्या. स्वतः सांभाळणार असाल तरी हे दहा टक्के हिशोबात धराच. तुमचा रविवार फुकटचा आहे का?

टॅक्सचं आपापल्या देशातल्या जाणकाराला विचारा, मी फक्त एवढंच सांगते की आजचा नियम 20 वर्षं टिकेल असं धरून कर्ज घेऊ नका. ब्रिटनमध्ये घरमालकांना कर्जाचं सगळं व्याज भाड्याच्या उत्पन्नातून वजा करता यायचं, एप्रिल 2017 पासून टप्प्याटप्प्याने ते बंद करत 2020 पर्यंत त्याजागी 20 टक्क्यांची ठरावीक सवलत आणली, वरच्या टॅक्स स्लॅबमधल्या ज्यांचा हिशोब काठावर होता ते तोट्यात गेले. बर्लिनमध्ये फेब्रुवारी 2020 मध्ये भाडी गोठवणारा कायदा लागू झाला आणि एप्रिल 2021 मध्ये घटनात्मक न्यायालयाने तो रद्दच केला, म्हणजे आधी मालकांची झोप उडाली, मग वाचलेलं भाडं परत द्यायची वेळ आल्यावर भाडेकरूंची. म्हणून कागदावर थोडी ढील ठेवायची, शेवटच्या पैशापर्यंत ताणलेला सौदा नियमातल्या एका बदलाने तुटतो.

दुसरं घर कधी घ्यायचं, हा प्रश्न पहिल्याची चावी मिळाल्यावर महिनाभरात येतोच. किमती चढल्या असल्या की बँकही सुचवते, पहिल्यावर टॉप-अप (त्याच घरावर वाढीव कर्ज) घ्या आणि दुसऱ्याचं डाऊन पेमेंट भरा. पहिल्या घरातून एक भाडेकरू जाऊन दुसरा येईपर्यंत मी तरी थांबायला सांगते. तोपर्यंत रिकामे महिने किती गेले, रंगाला किती लागले, डिपॉझिट परत देताना खात्यात पैसे होते की नव्हते, हे सगळं त्या वेगळ्या खात्याच्या पासबुकात आलेलं असतं, आणि दुसऱ्या कर्जाची रक्कम ते पासबुक समोर ठेवूनच काढायची.